वापिटीतली सुरई

शरच्चंद्र दिघे मुलुंडला राहायचे आणि घाटकोपरच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे सोमवार ते शनिवार दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा त्यांना पगार मिळायचा आणि रविवारी तेच काम ते हौसेने फुकट करायचे. तपासून झालेल्या प्रूफाच्या कोपऱ्यात ते लाल शाईने बारीकसा ‘श’ काढत. तो दिसला की छापखान्याचा मालक कागदाकडे न बघताच यंत्रावर चढवायला सांगे. बावीस वर्षांत ‘श’ काढलेल्या एकाही पुस्तकाला मागाहून शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं. या एका अक्षराचा दिघ्यांना जेवढा अभिमान होता तेवढा ना मुलांचा होता ना बायकोचा. हे त्यांच्या पत्नी शुभाताई स्वतःच पाहुण्यांना सांगत आणि वर हसत.

दुसरा नाद विमानांचा, त्यातही लढाऊ विमानांचा. स्वतः ते आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. बसणाऱ्यांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. ही माणसं खिडकीची जागा मिळावी म्हणून भांडतात आणि खाली उतरल्यावर त्यांना विमानाचं नाव विचारलं तर तिकिटात बघतात, असं ते म्हणत.

घाटकोपरलाच मार्तंड कर्णिकांच्या इमारतीची गच्ची होती. मार्तंड हा दिघ्यांचा शाळेपासूनचा मित्र, बँकेत होता. सहार विमानतळावर उतरणारी विमानं त्या गच्चीवरून इतकी खाली येत की पोट उघडून चाकं बाहेर पडताना स्पष्ट दिसायची. सत्त्याहत्तर सालापासून दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसं तिथे जमत. वरून विमान गेलं की बोलणं आहे तिथे थांबवायचं आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे चालू करायचं, अशी सगळ्यांना सवय झाली होती. मंडळींनी स्वतःला विमानमित्र मंडळ असं नाव दिलं होतं. दिघ्यांना ते नाव बालवाडीचं वाटायचं.

नावच काय, त्यांना तिथलं कुणीच फारसं चालत नसे. मार्तंडला एक किस्सा यायचा, बहात्तर साली एक भलंमोठं परदेशी जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं त्याचा, आणि नवा माणूस आला की तो हा किस्सा काढायचाच. दुसऱ्या एकाला नॅट विमानाचं वेड होतं. नॅट इतकं लहान की हवेत वेग कमी करायला वेगळा ब्रेक बसवायला जागा नव्हती, म्हणून वैमानिक चाकंच अर्धी खाली सोडायचा. हे सांगताना तो गृहस्थ दर वेळी स्वतःचे गुडघे वाकवून दाखवी. दिघे तोंड फिरवून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचे. त्यातल्या त्यात बरी म्हणजे बोरिवलीची क्षमा सबनीस. भूगोल शिकवायची, अक्षर चांगलं होतं, म्हणून मंडळाची नोंदवही तिच्याकडे होती. तिच्याविषयी दिघे फक्त एवढंच म्हणत की बाई विचार करते, पण सावकाश.

या नोंदवहीचा नियम दिघ्यांनी घातलेला होता. कोणतीही माहिती आधी पेन्सिलीने लिहायची. ती दोन ठिकाणी छापलेली सापडली की मगच लाल शाईने पक्की करायची. एका ठिकाणी छापलेली असेल तर ती अफवा. आणि सर्वांत वर, त्यांच्याच वळणदार अक्षरात, पहिलं कलम होतं: कोणाही सभासदाचा नुसता शब्द, मग तो कितीही जाणकार असो, पुरावा मानला जाणार नाही. हे कलम त्यांनी मार्तंडचं तोंड बंद करायला लिहिलं होतं. ते आपल्यालाही लागू आहे, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

सगळ्यांत जास्त हेटाळणी मात्र गुणाजीच्या वाट्याला यायची. गुणाजी घाडी जोगेश्वरीला राहायचा. मूळचा मालवणकडचा, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. संपानंतर गिरणी काही उघडली नाही आणि तो एका शाळेत शिपाई म्हणून लागला. इंग्रजी त्याला जेमतेम वाचता यायचं. चित्रं मात्र अशी काढायचा की खिळा न खिळा मोजून घ्यावा. दिघ्यांचा राग चित्रांवर नव्हता, त्याच्या प्रश्नांवर होता. इतर लोक वेग विचारत, बंदुका किती ते विचारत. गुणाजी विचारायचा की वैमानिक चष्मा लावत असेल तर मुखवट्याखाली तो कसा बसायचा, विमान कोण धुवायचं, हवेत शिंक आली तर काय करायचं. दिघे घरी येऊन शुभाताईंना सांगत की हा माणूस विमान बघतच नाही, आत बसलेला माणूस बघतो. शुभाताई विचारायच्या की मग त्यात वाईट काय.

त्र्याऐंशी सालच्या एका रविवारी दिघे वापिटीवर बोलत होते. पन्नास वर्षांपूर्वी कराचीला आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. दोन पंखी, उघडं, पुढे वैमानिक आणि मागे एक माणूस. आधीच्या विमानाचे सुटे भाग गोदामात पडून होते, ते खपावेत म्हणून त्यातले बरेच वापिटीला लावलेले. नाव अमेरिकेतल्या एका सांबराचं. सरहद्दीच्या डोंगरात चाक फुटलं तर मदतीला कोण येणार, म्हणून जादा चाक विमानालाच बांधून न्यायचे. आणि वैमानिकाच्या खिशात उर्दू-पश्तूत लिहिलेली चिठ्ठी, की या माणसाचे अवयव शाबूत ठेवून परत आणून द्याल तर बक्षीस मिळेल. मंडळी हसून हसून बेजार झाली. दिघ्यांना हसणारेही आवडत नसत, पण त्या दिवशी त्यांची कळी खुलली होती.

तेवढ्यात गुणाजीने हात वर केला. शाळेतला शिपाई, हात वर करूनच बोलायचा.

“साहेब, तीन-तीन तास उघड्यावर, त्या मुलखातल्या उन्हात. मागच्या माणसाला तहान लागली तर पाणी कुठलं प्यायचा?”

दिघ्यांनी चष्मा पुसला आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाले, “मागच्या बैठकीशेजारी लोखंडी कडी असायची. तिच्यात मातीची सुरई. तुकडीचा हुकूमच होता, कोलांटी मारायच्या आधी पाणी पिऊन घ्यायचं.”

हशा उसळला. मार्तंड म्हणाला, झकास यार. गुणाजी हसला नाही. त्याने खिशातून पेन्सिल काढून ते लिहून घेतलं आणि कडीचा व्यास विचारला. दिघ्यांनी तोही सांगितला, साडेचार इंच.

पुढच्या रविवारी ते खरं सांगणार होते. निदान तसं त्यांनी ठरवलं होतं. पण गच्चीवर पोचले तेव्हा गुणाजी एका नव्या सभासदाला ती सुरई समजावून सांगत होता, आणि तो नवा मान डोलावत होता. दिघ्यांना ते दृश्य इतकं गोड लागलं की त्यांनी तोंड उघडलं नाही.

गुणाजीला फसवलं यात काही पराक्रम नव्हता. गोरा साहेब फसतो का ते बघायला हवं होतं. इंग्लंडातून विमानांच्या नमुन्यांचं एक मासिक मार्तंडकडे यायचं. दिघ्यांनी त्याच्या संपादकाला पत्र लिहिलं, सुरई, कडी, साडेचार इंच, सगळं घालून. सहा महिन्यांनी ते पत्र छापून आलं. खाली नाव, मुलुंड, मुंबई. शुभाताईंनी तो अंक दिवाणखान्यातल्या कपाटात काचेमागे उभा केला. आयुष्यभर दुसऱ्यांचं छापील वाचणाऱ्या माणसाचं स्वतःचं छापून आलेलं एवढंच, आणि ते धादांत खोटं. दिघे काचेसमोरून जाताना स्वतःशीच हसत. साहेबही गुणाजीच निघाला, असं म्हणत.

शहाऐंशीत क्षमाने फोर्टातल्या एका वाचनालयातून एका नव्या इंग्रजी पुस्तकाच्या पानाची नक्कल करून आणली. लेखकमहाशयांनी मासिकातली सुरई उचलली होती आणि कुठून उचलली ते सांगितलं नव्हतं. मंडळींना काय, दुसरं छापील ठिकाण मिळालं. क्षमाने लाल शाईने नोंद पक्की केली. टाळ्या वाजल्या. बोलायची हीच वेळ होती. दिघ्यांना मात्र त्या क्षणी जगाबद्दल इतकी घाऊक तुच्छता वाटत होती की ती मोडवेना. शिकलेले, अडाणी, गोरे, काळे, कुणालाही काहीही द्या, गिळतात. असला आनंद माणूस एकट्याने खात बसतो.

सत्त्याऐंशीच्या सुरुवातीला गुणाजीने गच्चीवर एक म्हातारा आणला. त्याचा चुलतमामा सहदेव, वय सत्तरीच्या पुढे, बोरिवलीला मुलाकडे राहायचा. तो त्या पहिल्या तुकडीत हवाई सिपाही होता. आपल्याकडच्या तांत्रिक कामाच्या पोरांना तेव्हा हेच नाव होतं. चार जिने त्याला धरून धरून चढवलं. वापिटीला खरोखर हात लावलेला माणूस या गच्चीवर पहिल्यांदाच आला होता. दिघे खुर्ची सोडून उभे राहिले. आता हा म्हातारा सगळं उघडं पाडणार.

सहदेवमामा बराच वेळ चाकं, तेलाचा वास, पेशावरची थंडी असं तुटक तुटक बोलला. आठवणी मागेपुढे होत होत्या. मग गुणाजी खाली वाकून प्रेमाने म्हणाला, “मामा, ती मागची सुरई आठवता? कडीत बसवलेली?” आणि त्याने आपलं चित्र पुढे धरलं.

म्हातारा चित्राकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

“होय तर. सुरय होती,” तो म्हणाला. “पाणी कसा थंडगार रवायचा.”

क्षमाच्या डोळ्यांत पाणी आलं. दिघ्यांची धास्ती गेली आणि तिच्या जागी असा काही तिरस्कार दाटला की त्यांना त्या म्हाताऱ्याकडे बघवेना. डोळ्यांनी बघितलेला माणूसही शेवटी गुणाजीच, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण हे वाक्य त्या दिवशी पहिल्यासारखं गोड लागलं नाही.

मंडळाला त्या वर्षी दहा वर्षं होत होती. स्मरणिका काढायची ठरलं आणि ती दिघ्यांच्याच छापखान्यात आली. पहिला लेख गुणाजीचा, वापिटीवर, त्याच्या चित्रासकट. दिघ्यांचा नॅटवरचा लेख तिसाव्या पानावर. ते त्यांना झोंबलं, नाही असं नाही. पण खरी पंचाईत वेगळीच होती. गुणाजीच्या लेखाचं प्रूफ त्यांच्या टेबलावर आलं आणि चौथ्या परिच्छेदात सुरई होती.

या पानावर ‘श’ कसा काढायचा? बावीस वर्षांत माहीत असलेली चूक त्यांनी एकदाही पुढे जाऊ दिली नव्हती. मासिक इंग्लंडचं, पुस्तक इंग्लंडचं, नोंदवही क्षमाची. हे पान त्यांचं होतं. छापखान्याच्या रिवाजाप्रमाणे लेखकाच्या मजकुराला हात लावायचा त्यांना हक्क नव्हता. शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाला विचारायचं. त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं, कागदाची घडी केली आणि रविवारी गच्चीवर नेली.

तिथे त्यांनी सांगितलं. पण सांगितलं कसं, तर मूर्खांना सांगतात तसं.

“ती सुरई माझी आहे. गुणाजीची गंमत करायला मी ती जागच्या जागी रचली. तुम्ही सगळे चार वर्षं त्या गमतीला सलाम ठोकताय.”

वरून एक विमान गेलं. ते जाईपर्यंत सगळे थांबले. मग क्षमाने नोंदवही उघडली आणि पहिलं कलम मोठ्याने वाचलं, दिघ्यांनीच लिहिलेलं. सभासदाचा नुसता शब्द पुरावा नाही. मार्तंड म्हणाला की पत्र शरदचं आहे, ते हवं तर सोडून देऊ, पण पुस्तक आहे आणि डोळ्यांनी बघितलेला माणूस आहे, तो काही सभासद नाही, दोन झालेच. दिघे चिडून म्हणाले की त्या पुस्तकवाल्याने माझ्याच पत्रातून उचललंय. क्षमाने शांतपणे विचारलं की तसं कुठे छापलंय का. वापिटीत सुरई नव्हती असं सांगणारं एखादं पुस्तक आहे का. विमानात काय काय नव्हतं याची यादी कुठलंच पुस्तक देत नाही.

“शरद, सोड रे,” मार्तंड बाजूला घेऊन म्हणाला. “त्याचा लेख पहिला लागला म्हणून असं करायचं? शोभत नाही तुला.”

क्षमाने पेन्सिलीने एक ओळ लिहिली, दिघे यांचा दावा, अपुष्ट. चार वर्षांपूर्वी त्यांनी खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती. आज खरं सांगितलं तर जळके ठरले. घरी येताना त्यांनी सगळ्या मंडळाला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या, आणि मुलुंड येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की नियम चोख होता, लोकही नियमाने वागले होते, शिव्या घालायला एकच माणूस उरत होता. गुणाजी मात्र गच्चीवर पूर्णवेळ एक शब्द बोलला नव्हता.

सोमवारी दुपारी तो छापखान्यात आला, लेखकाचं प्रूफ बघायला. स्टुलावर टेकला, प्रश्नचिन्ह बघितलं आणि हळू आवाजात बोलू लागला. शिपायाची गंमत करायची तर हजार जागा आहेत, ते तो रोज भोगतो, त्याचं त्याला काही वाटत नाही, असं म्हणाला. मग त्याने प्रूफ खाली ठेवलं.

“साहेब, एवढंच सांगा. सुरई नव्हती, तर मग पाणी कुठे असायचं?”

दिघ्यांच्या तोंडात उत्तर तयार होतं. लष्करी बाटली, पट्ट्याला अडकवलेली. ऐकायला अगदी पटण्यासारखं. सुरईही अशीच तयार झाली होती त्या दिवशी, चष्मा पुसायला लागतो तेवढ्या वेळात. आणि तेव्हा त्यांना आठवलं की चष्मा त्यांनी गंमत सुचली म्हणून पुसला नव्हता. गच्चीवर बारा माणसं बघत होती, एका शिपायाने विचारलं होतं आणि त्यांना उत्तर येत नव्हतं. लोक हसले, म्हणून ती गंमत झाली. गंमत करायचीच होती असं पुढे त्यांनी स्वतःलाच इतक्यांदा सांगितलं की ते त्यांनाही खरं वाटू लागलं.

“माहीत नाही,” दिघे म्हणाले.

“आणि तेव्हा?”

“तेव्हाही माहीत नव्हतं.”

हे शब्द त्यांच्या तोंडून याआधी कधी बाहेर पडले होते की नाही, शुभाताईंनाही सांगता आलं नसतं. गुणाजीने मान हलवली. काल बारा जणांना पटलं नव्हतं ते त्याला एवढ्यावर पटलं. त्याने टेबलावरची पेन्सिल घेऊन चौथा परिच्छेद सरळ रेघेने खोडला. चित्रातल्या कडीभोवती गोल काढून, छपाईसाठी चित्राचा ब्लॉक करणाऱ्याला कळावं म्हणून ‘वगळावी’ असं लिहिलं. मग समासात सावकाश एक वाक्य लिहिलं: वापिटीत प्यायचं पाणी कुठे ठेवत, हे आम्हाला माहीत नाही. आणि कागद दिघ्यांकडे सरकवला.

दिघ्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी कोपऱ्यात लाल शाईने ‘श’ काढला आणि चार वर्षांत प्रथमच त्यांना छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. सुटलो, असंच वाटलं त्यांना. गुणाजीला चहा सांगावा असंही मनात आलं, आणि ही त्यांच्या हिशेबी फार मोठी गोष्ट होती.

गुणाजी चहाला थांबला नाही, शाळेत परत जायचं होतं. दारात चपला घालताना तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. आवाजात राग नव्हता. राग असता तर दिघ्यांना त्याचं काहीतरी करता आलं असतं.

“हे त्या रविवारी म्हणाला असतात ना साहेब, तर मी त्याच आठवड्यात मामाकडे गेलो असतो. तेव्हा त्याला सगळं नीट आठवायचं,” गुणाजी म्हणाला. “आता काय विचारणार? आता त्याला सुरईच आठवते. रोज सांगतो नातवंडांना.”

तो गेला. दिघ्यांनी समोरचं पुढचं प्रूफ ओढून घेतलं. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं होतं, जेमतेम बारा ओळी, आणि ते निर्दोष होतं. तरी दिघे छापखाना बंद होईपर्यंत त्यात चूक शोधत बसले.